लाईट जाऊन परत आली की कळतं: घरी केलेल्या सायफन ओव्हरफ्लोबद्दल

फिश टँक चालू असताना कुठलाही ओव्हरफ्लो, म्हणजे टाकीतलं जादा पाणी खाली उतरवणारी सोय, चांगलाच दिसतो. पाणी खळाळत खाली जातं, पंप ते वर आणतो, बघणारा खूश. मी बघते ते वेगळंच. घरात कोणी नसताना लाईट गेली, तासाभराने आली, आणि संध्याकाळी कुलूप उघडल्यावर फरशी कोरडी होती का? जुळे सोलापुरात राहणाऱ्या माणसाला एवढं कळलं तरी बास.

आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. आत गोल्डफिश, म्हणजे खाणं कमी आणि घाण जास्त. वरच्या छोट्या फिल्टरला ते झेपेना, म्हणून खालच्या कपाटात सम्प, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, करायचं ठरलं. सम्पकडे पाणी न्यायचं तर टाकीला भोक हवं. पण ही काच साधी की टफन्ड, हे विकणाराही आता छातीठोक सांगत नाही. टफन्ड काचेला ड्रिल लागला की एका क्षणात अख्ख्या काचेचा चुरा होतो. तेव्हा भोकाचा विषय तिथेच संपला.

मग उरतो काठावरून पाणी उचलून बाहेर काढणारा सायफन. तो तयारही मिळतो: अ‍ॅक्रिलिकचा डबा काठावर अडकवायचा, मधे पारदर्शक यू-नळी. होटगी रोडला एका मैत्रिणीकडे असा ऑनलाइन मागवलेला डबा आहे. कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला फार सुरेख. पण तिचा पंप छोटा आणि डब्याची नळी जाडजूड, त्यामुळे आत पाणी रेंगाळत जातं. सावकाश जाणारं पाणी बुडबुडे पुढे ढकलत नाही, ते वरच्या वळणात साठत राहतात. एकदा लाईट जाऊन आली, वळणातल्या हवेने सायफन तुटला, आणि पंप मात्र इमानदारीत वर पाणी फेकत राहिला. तिच्या दिवाणाखालच्या चादरींच्या गाठोड्याचं काय झालं ते ती स्वतःच सांगेल, तिखटमीठ लावून.

मी एक इंची पीव्हीसी पाइप घेऊन घरीच केला. सामान आसरा चौकाच्या बाजूच्या एका फिटिंगच्या दुकानातून. यादी काउंटरवर ठेवली: सात एल्बो (काटकोनी जोड), एक टी (तीन तोंडांचा जोड), एंडकॅप (टोपण), पाइप, सांधे चिकटवायच्या सोल्यूशनचा छोटा डबा. दुकानदार माझ्याकडे आणि यादीकडे आलटून पालटून बघत म्हणाला, "वैनी, ओव्हरफ्लो पाहिजे तर टाकीला वरनं भोक मारा की. एक एल्बोत काम होतंय. एवढे कशाला ओ?"

त्याच्या डोळ्यांपुढे गच्चीवरची पाण्याची टाकी होती. काचेची टाकी म्हटल्यावर गडी खुलला. पाइपचे तुकडे मापाने कापून दिले, तेही काटकोनात. घरी हॅक्सॉने कापलं की तोंड तिरकं होतं आणि सांधा नीट बसत नाही, म्हणून हे काम दुकानातच करून घ्यावं. काउंटरवरच कोरडं जोडून बघू दिलं. न लागलेले फिटिंग परत घेईन म्हणाला आणि पुढच्या खेपेला खरंच घेतले. सोल्यूशनचा डबा निम्मा सुकलेला निघाला, तोही कुरकुर न करता बदलून दिला. सगळं मिळून सहाशेच्या आत बसलं. पंप यात धरलेला नाही. दुकानाला पैकीच्या पैकी मार्क. फक्त दुपारी जाऊ नका, शटर खाली असतं.

आता रचना. टाकीच्या आत एक उभा नळा, त्याचं तोंड पाण्याच्या पातळीला, तोंडाभोवती हॅक्सॉने पाडलेल्या बारीक खाचा, म्हणजे मासा आत ओढला जात नाही. हा नळा खाली जातो, यू घेऊन परत वर येतो, काठ ओलांडतो, बाहेर खाली उतरतो, तिथे दुसरा यू घेऊन पुन्हा वर येऊन टीला मिळतो. टीचं वरचं तोंड हवेसाठी उघडं, बाजूच्या तोंडातून पाणी सम्पकडे. टी आतल्या खाचांपेक्षा बोटभर खाली ठेवायची. लाईट गेली की टाकीतलं पाणी खाचांपर्यंत उतरतं आणि थांबतं. दोन्हीकडचे यू भरलेलेच राहतात, त्यामुळे काठावरच्या वळणात हवा शिरायला वाट नाही. लाईट आली, पातळी चढली, की वाहणं आपोआप सुरू. कुणी हात लावायची गरज नाही.

सगळा जीव त्या काठावरच्या वळणात आहे. पाण्याच्या पातळीच्या वर असल्याने तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून तिथला सांधा कच्चा राहिला तर थेंबही गळत नाही. उलट हवा आत ओढली जाते, गुपचूप. आपण खाली बोट फिरवून "कुठे ओल नाही, झकास" म्हणतो आणि वर फुगा वाढत असतो. तेव्हा टाकीच्या आत बुडालेले सांधे नुसते दाबून बसवले तरी चालतील, पण वरचे दोन एल्बो सोल्यूशन लावून, पाव फेरा फिरवून, घट्ट धरूनच बसवायचे. मग एक दिवस तसंच वाळू द्यायचं आणि धुऊनच टाकीत घालायचं. हा पाइप पारदर्शक नाही, त्यामुळे आत शेवाळ धरत नाही, पण हवा दिसतही नाही. मी वळणावर टिचकी मारते. भरलेलं असेल तर आवाज बद्द येतो, हवा असेल तर पोकळ.

थोडेफार बुडबुडे तरीही साठतातच. त्यासाठी वळणाच्या माथ्यावर बारीक भोक पाडून नॉझल बसवलं आणि एअरलाइन म्हणजे हवेची बारीक नळी टाकीतल्या पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवलेल्या छोट्या पंपाच्या) व्हेंचुरीला, म्हणजे हवा ओढणाऱ्या तोंडाला जोडली. पॉवरहेड चालू असेपर्यंत हवा ओढून घेतो. पहिल्यांदा सायफन सुरू करायलाही हीच नळी तोंडाने ओढायची, तुमच्या जिवावर येत नसेल तर. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर लाईट नसताना पाणी या नळीतून उलटं चढून टीच्या पातळीपर्यंत हळूहळू झिरपत राहतं.

परीक्षा मी मेन स्विचवरच घेतली. बंद, चालू, पुन्हा बंद, जास्त वेळ बंद. दर वेळी पास. पंपाच्या खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो, तो धरू नका. माझ्याकडे वर चढून आलेल्या पाण्याने वीस लिटरची बादली मिनिटभरात भरली, म्हणजे ताशी बाराशे लिटर, आणि एक इंची पाइप ते आरामात नेतो.

मग मुद्दाम नापास करून बघितलं. एअरलाइन काढून वळणात हवा सोडली आणि पंप चालूच ठेवला. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साधारण चौदा लिटर. सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यात विसेक लिटर असतं. तेवढं सगळं वर चढलं, पातळी दीड इंच वाढली, आणि काठाला दोन बोटं उरली असताना पंप कोरडा पडून खरखरायला लागला. लगेच प्लग काढला. फरशी कोरडी. कंपनीचा असो की घरचा, सायफन कधीतरी तुटणारच असं धरून चालावं. पंपाच्या कप्प्यात जेवढं पाणी, त्याहून जास्त जागा वरच्या टाकीत मोकळी पाहिजे. आणि पंप थांबल्यावर खाली उतरणाऱ्या पाण्यासाठी सम्पमध्येही रिकामी जागा पाहिजे. परतीच्या पाइपलाही पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडा, नाहीतर लाईट गेल्यावर तोच उलटा सायफन होऊन टाकी उपसतो. एवढा हिशोब करायचा कंटाळा असेल तर हा ओव्हरफ्लो लावूच नका. मोठा कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्याचा फिल्टर घ्या, पैसे जातील पण झोप लागेल.

आवाजाचं म्हणाल तर सुरुवातीला वैताग होता. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे खळखळ ऐकली की सासूबाई दचकून उठायच्या, "नळ आला गं!" म्हणत कळशीकडे. टीच्या उघड्या तोंडावर बारीक भोक पाडलेली एंडकॅप बसवली आणि सम्पमधलं पाइपचं टोक पाण्यात फक्त इंचभर बुडेल असं कापलं. टोक खोल गेलं की हवा अडते आणि पाइप गुरगुरतो. आता आवाज आहे, पण पंख्याखाली दबतो.

उन्हाळ्यात वाफेने जाणारं पाणी वर दिसत नाही, टाकीची पातळी हलत नाही, सगळी घट सम्पच्या शेवटच्या कप्प्यात दिसते. मे महिन्यात तिथे रोज तांब्या-दोन तांबे घालावे लागतात. बोअरचं पाणी घालत असाल तर लक्षात ठेवा, पाणी उडून जातं, क्षार मागेच राहतात. नुसती भर घालून भागत नाही, मधूनमधून पाणी बदलावंही लागतं. खाचांवर पांढरा थर चढतो तो व्हिनेगरने निघतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह मात्र क्षाराने एकदा अडकला की साफ करण्यात अर्थ नाही. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, घेताना दोन-चार जादाच घेऊन ठेवा.