ट्रेलरच्या छतावर सिलिकॉन थापून गेलेला माणूस

डॅलसच्या आसपास ज्यांच्याकडे ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे आरव्हीचाच प्रकार) आहे त्यांनी हे जरूर वाचा. स्प्रिंग ब्रेकच्या तोंडावर 'तुमच्या जागेवर येऊन आरव्ही दुरुस्ती' अशी जाहिरात दिसली, तर लगेच पैसे पाठवू नका. आमचे साडेआठशे डॉलर गेले. आणि त्या माणसाने करून ठेवलेलं निस्तरायला त्याहून जास्त लागणार आहेत, ते जास्त झोंबतंय.

काम तसं किरकोळ होतं. छतावरच्या पंख्याभोवतीच्या सीलंटला भेगा पडल्या होत्या आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरायचं होतं. आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्जचं बुकिंग झालेलं, आणि मार्चमध्ये वर्कशॉपवाले सरळ एप्रिलअखेरची तारीख देतात. हा जाहिरातवाला म्हणाला, "उद्या सकाळी येतो." या लोकांचा सगळा धंदा त्या 'उद्या'वर चालतो.

आमच्या सोसायटीत ट्रेलर दारात उभा करू देत नाहीत, म्हणून तो स्टोरेज लॉटवर असतो. याने निम्मे पैसे आगाऊ घेतले, फाटकाचा कोड घेतला आणि तासाभरात फोटो पाठवला. छताखालचं लाकूड काळं पडून त्याचा भुगा झालेला. असंच नेलंत तर वाटेत पाणी आत येईल, वॉटर हीटरचा अ‍ॅनोड रॉडही (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा दांडा) संपलाय, तोही बदलतो, वगैरे. नवरा मीटिंगमध्ये होता, फोनवर 'करून टाका' म्हणून मोकळा झाला. संध्याकाळी चकचकीत छताचा फोटो आला आणि लगोलग उरलेल्या पैशांची मागणी.

पुढे तो कुजक्या लाकडाचा फोटो मोठा करून पाहिला, तर पंख्याचं झाकण धुरकट काळं! आमचं पांढरं आहे. ट्रेलरच आमचा नव्हता. परवा हाच फोटो मला दुसऱ्याच नावाच्या जाहिरातीत दिसला.

पहिला धक्का वाटेत, टेक्सारकानाला बसला. पेट्रोलला थांबलो की मी चाकांच्या मध्यावर, हबजवळ हात नेऊन बघते. तीन चाकं कोमट होती, उजवीकडचं मागचं मात्र हात टेकवेना. शेजारच्या पंपावर एक म्हातारे गृहस्थ स्वतःचा ट्रेलर घेऊन उभे होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हरने हबची टोपी उचकटली. आतलं ग्रीस काळं आणि सुकलेलं, आणि नट सैल होऊ नये म्हणून त्यात घालतात ती कॉटर पिन गंजून जागच्या जागी चिकटलेली. "हे कोणी उघडलेलंच नाही," ते म्हणाले. बेअरिंग बाहेर काढायचं तर ती पिन आधी काढावीच लागते, आणि परत बसवताना नवी घालतात. गंजकी पिन म्हणजे पुरावाच. बिलात या कामाचे 160 डॉलर लावले होते. गावातच एक ट्रेलरवाला मिळाला आणि अर्धा दिवस त्यात गेला.

हॉट स्प्रिंग्जला पाऊस लागला आणि पंख्याच्या कडेने थेट गादीवर थेंब. सकाळी शिडी लावून वर गेले तर जुन्या भेगाळलेल्या सीलंटवरच पारदर्शक, चकचकीत सिलिकॉन थापलेलं. नखाने टोक उचललं तर लांबच लांब पट्टी निघून हातात आली. आपल्यापैकी पुष्कळांच्या ट्रेलरचं छत ईपीडीएम नावाच्या रबराचं असतं. त्यावर बाथरूमचं सिलिकॉन धड धरत नाही, आणि त्याचा थर राहिला की वर दुसरं काहीच चिकटत नाही. तिथे डायकोर कंपनीचं असतं तसं, आपोआप पसरून सपाट होणारं लॅप सीलंट लागतं. ताज्या कामाला व्हिनेगरसारखा वास आला, तर तिथल्या तिथे काम थांबवा. तसा वास सिलिकॉनचा असतो.

अ‍ॅनोड रॉडचा तर विनोदच. आमचा हीटर अ‍ॅटवुड कंपनीचा. त्याची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला अ‍ॅनोड रॉड नसतोच, फक्त प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग असतो. रॉड लागतो तो सबर्बन कंपनीच्या स्टीलच्या टाकीला. म्हणजे जो भागच नाही तो 'बदलल्याचे' 65 डॉलर.

परत आलो तर त्याचा फोन बंद. पैसे गेलेलं खातं तिसऱ्याच कुणाच्या नावावर. बँक म्हणते, तुम्हीच तर पाठवलेत. क्रेडिट कार्डवर दिले असते तर 1974च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याखाली, स्टेटमेंट आल्यापासून 60 दिवसांत लेखी तक्रार करता आली असती. टेक्सासात जस्टिस कोर्टात (छोट्या दाव्यांच्या कोर्टात) 20,000 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो, पण नोटीस बजावायला खरं नाव आणि पत्ता हवा, आमच्याकडे दोन्ही नाही. म्हणून कोड द्यायच्या आधी माणसाच्या ओळखपत्राचा फोटो घ्या. कामाच्या प्रत्येक फोटोत स्वतःची नंबरप्लेट नाहीतर छतावरची ओळखीची खूण दिसू दे. काढलेले जुने भाग, अगदी कॉटर पिनासुद्धा, पिशवीत मागा. जो कार्ड घेत नाही, त्याला लॉटच्या फाटकाशीच रामराम करा.

ट्रेलर आता वर्कशॉपला द्यायचाय. रबर न फाडता सिलिकॉन खरवडून काढायचं म्हणजे मजुरीच मजुरी, अंदाज साडेबाराशेचा सांगितलाय, आणि नंबर लागलाय तो मेअखेरच्या मेमोरियल डेनंतरचा.