बॅटरी बदलली, अल्टरनेटरही बदलला. वीजगळती मात्र तशीच राहिली

दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी सेल्फ घेत नाही आणि गॅरेजमध्ये बोनेट उघडताच "बॅटरी गेली" असे सांगितले जाते, अशी तक्रार असणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझ्याकडून आधी बॅटरीचे आणि नंतर अल्टरनेटरचे, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे, पैसे घेण्यात आले. मूळ दोष या दोन्हींत नव्हता, आणि तो कोठे आहे हे एका साध्या मल्टिमीटरने (व्होल्ट आणि अँपिअर मोजणाऱ्या उपकरणाने) तासाभरात कळण्यासारखे होते.

माझी गाडी छोटी, पेट्रोलवर चालणारी आहे आणि तिला ३५ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी लागते. रोजच्या वापरात काही त्रास नसे; सुट्ट्या जोडून आल्या आणि गाडी उभी राहिली की मात्र ती हमखास बंद पडे. नाशिकमधील ज्या गॅरेजमध्ये मी ती दाखवली, तेथील मिस्त्रींनी पूर्ण उतरलेल्या बॅटरीलाच टेस्टर लावला आणि पडद्यावर आलेला 'बदला' असा निकाल माझ्यासमोर धरला. हा निकाल कसा दाखवता येतो, हे प्रत्येकाने समजून घ्यावे. उतरलेली बॅटरी, ती कितीही नवी असो, भार पेलण्याच्या चाचणीत नापासच होते. म्हणून ती आधी पूर्ण चार्ज करून, काही तास तशीच ठेवून मग तपासायची असते. अशा विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास हवा, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी रिकामी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ उतरलेली. चार्ज करून ठेवल्यावरही दाब टिकत नसेल किंवा भाराखाली कोसळत असेल, तरच तिला दोष द्यावा. मी चार्ज करून पाहण्याविषयी विचारले, तेव्हा "त्यात वेळ जाईल, शिवाय रस्त्यात बंद पडली तर?" असे उत्तर मिळाले.

जुन्या बॅटरीची वॉरंटी संपलेली नव्हती. तरीही ती 'भंगारात वळती' म्हणून ठेवून घेण्यात आली आणि मला अनुक्रमांक किंवा जीएसटी क्रमांक नसलेली हस्तलिखित चिठ्ठी देण्यात आली. या व्यवहारातील सर्वांत मोठे नुकसान हेच होते, कारण बॅटरी हातातून गेली की वॉरंटीचा दावाही जातो आणि ती खरोखर खराब होती का, हे तपासण्याचा मार्गही बंद होतो.

काही आठवड्यांनी नवी बॅटरीही तशीच उतरली. या वेळी त्याच मिस्त्रींनी इंजिन चालू असताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढले, इंजिन अडखळले आणि त्यांनी "डायनामो (म्हणजे अल्टरनेटर) चार्ज करत नाही" असा निष्कर्ष काढला. ही चाचणी कोणी करू लागल्यास त्याला तेथेच थांबवावे. बॅटरीचा आधार तुटताच अल्टरनेटरचा दाब एकदम उसळू शकतो आणि इंजिन नियंत्रित करणारा संगणक जळू शकतो. चार्जिंग पाहायचे असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मल्टिमीटर लावावा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले म्हणजे चार्जिंग व्यवस्थित आहे. माझ्यासमोर हे मोजले गेले नाही. नव्या अल्टरनेटरचे म्हणून पैसे मात्र घेतले गेले.

त्यानंतरही गाडी बंद पडली, तेव्हा मी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्यांनी विक्रीची भाषा न करता मोजायला सुरुवात केली. चावी गाडीपासून दूर ठेवली, दारांची कुलुपे स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केली, म्हणजे दार उघडे असूनही गाडीला ते बंद वाटावे, आणि मीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडून निगेटिव्ह टर्मिनल व त्याची केबल यांच्या मधोमध लावला. अशा वेळी सेल्फ मारायचा नसतो, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. गाडीतील संगणक झोपी जायला अर्धा तास लागू शकतो, म्हणून तेवढे थांबून मग आकडा वाचला: ०.४ अँपिअर. बंद गाडीत हा आकडा साधारण ०.०५ अँपिअरच्या आत हवा. म्हणजे माझ्या गाडीत दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवरपेक्षा जास्त वीज वाया जात होती. तीन दिवसांत ३५ पैकी सुमारे २९. रोज गाडी चालली की ही तूट भरून निघत असे, आणि उभी राहिली की जगातली कोणतीही नवी बॅटरी तिच्यापुढे टिकली नसती.

मग एकेक फ्यूज काढत गेल्यावर म्युझिक सिस्टिमच्या फ्यूजपाशी आकडा ०.०३ वर उतरला. बाहेरच्या दुकानात ही सिस्टिम बसवताना बॅटरीची पिवळी तार आणि चावीसोबत चालू-बंद होणारी लाल तार एकत्र पिळून टाकलेल्या होत्या. त्यामुळे पडदा काळा झाला तरी आतील यंत्र रात्रंदिवस जागे राहत असे. लाल तार योग्य जागी जोडणे एवढेच काम होते आणि त्याचे त्यांनी घेतलेले पैसे नव्या बॅटरीच्या किमतीपुढे नगण्य होते. वारंवार पूर्ण उतरल्यामुळे बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून तिचे आयुष्य घटते, म्हणून नव्या बॅटरीचेही काही नुकसान झालेच असणार, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

त्याच वेळी त्यांनी अल्टरनेटरकडे बोट दाखवले. चंदेरी रंग नखाने खरवडताच खाली जुन्या तेलाचा थर निघाला, आणि पट्टीवरील उत्पादनाचे वर्ष माझ्या गाडीच्या वर्षाशी जुळत होते. तो माझाच जुना भाग होता की भंगारातला दुसरा, हे गौण आहे. नवा तो नव्हता. या रंगाची आणि पट्टीची छायाचित्रे मी तेथेच काढली.

ही छायाचित्रे आणि मोजणीचे आकडे लिहिलेली इलेक्ट्रिशियनची पावती जोडून मी गॅरेजला नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. नोटीस मिळाल्यावर गॅरेजने अल्टरनेटरचे पैसे परत केले. बॅटरीचे मात्र अजून दिलेले नाहीत, कारण जुनी बॅटरी खराबच होती असे त्यांचे म्हणणे आहे आणि ती तपासायला आता कोणाकडेच नाही. त्या रकमेसाठी मी आयोगात अर्ज करणार आहे. जुन्या बॅटरीचे वॉरंटी कार्ड, त्यावरील अनुक्रमांक आणि ती ठेवून घेतल्याची नोंद असलेली ती चिठ्ठी एवढाच पुरावा त्यासाठी माझ्या हाती आहे.