दोरी सुटणाऱ्या लेमनग्रास चहाचे आठ महिने

काल दुपारी फोनवर मेसेज आला, 'आम्हाला तुमची आठवण येते', आणि खाली पुढच्या खरेदीवर 10 टक्के सवलत. जुलै 2025 मध्ये ज्यांचं 'लेमनग्रास ग्रीन टी'चं 25 बॅगांचं पाकीट मी 249 रुपयांना घेतलं, तीच ही मंडळी. माझ्या तीन मेलना उत्तर द्यायला यांना सहा आठवडे लागले होते. आठवण मात्र वेळेवर येते. म्हणून लिहायला बसलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर दुकानात त्याच फळीवरची आणखी चार पाकिटं उलटून वाचली आणि त्यांतही फार वेगळं काही निघालं नाही.

लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा, तो कसा असतो हे सांगलीत कुणाला सांगायची गरज नाही. पावसाळ्यात मंडईत आलं घेतलं की बाई न विचारता पातीची जुडी पुढे करते. मुंबईकडे तोच हिरवा चहा, आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे लीली चा. मग पाकीट कशाला घेतलं? तर झोपेसाठी. साठी ओलांडल्यापासून रात्री अडीचला टक्क जाग येते. पाकिटावर चंद्राची कोर होती, मन शांत होईल असं लिहिलं होतं, आणि दूध-साखर नाही म्हणून डॉक्टरही ओरडणार नाहीत असा माझा हिशेब.

आधी दोरीबद्दल. बॅगेची दोरी 11 सेंटिमीटर. फूटपट्टीने मोजली आहे. आमचा रोजचा कप साडेनऊ सेंटिमीटर उंच. बॅग तळाला बसली की बाहेर लोंबायला राहते दीड सेंटिमीटर दोरी आणि तिच्या टोकाला तो रंगीत कागद. वरून उकळतं पाणी ओतलं की कागद वाफेने वळतो, कपाच्या काठावरून घसरतो आणि आत जातो. मग चमच्याने मासेमारी. कागदावरची हिरवी शाई पाण्यात उतरते ती वेगळीच. 19 बॅगा वापरल्या, त्यांतल्या 11 वेळा कागद कपात पडला आणि दोनदा दोरीच बॅगेपासून सुटून हातात आली. टी-बॅगला स्टेपलची पिन मारायला आपल्याकडे मनाई आहे, ती योग्यच. पण गाठ मारायला कुणी मनाई केली आहे? ही म्हणाली, "अहो, मग कप लहान घ्या की." कपाला दहा रुपये घेणाऱ्याने माझा कप कुठला ते ठरवायचं का?

दोन आठवडे मी दोरीवरच चिडत राहिलो आणि मुख्य गोष्ट नजरेतून सुटली. रात्री जेवून दहाला हा चहा प्यायचो आणि जाग अडीचऐवजी दीडलाच येऊ लागली. ही चूक माझी, चष्मा न लावता पाकीट घेतल्याची. पुतणी फार्मसी शिकते. ती राखीला आली, तिने पाकीट उलटं केलं आणि हसायलाच लागली. "काका, यात ग्रीन टी 82 टक्के आहे. लेमनग्रास 14. उरलेला वास. तुम्ही रात्री दहाला चहाच पिताय."

मग सगळा उलगडा झाला. गवती चहाच्या पातीत कॅफिन नसतं, पण ग्रीन टी म्हणजे आपल्या चहाचंच पान, कपाला साधारण 30 मिलिग्रॅम तरी कॅफिन असतंच. प्यायलेल्यातलं निम्मं कॅफिन अंगातून जायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे दहाला प्यायलेल्यातलं निम्मं पहाटे तीनला माझ्यासोबत जागं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, आणि तो त्यांनी पाळलाही होता, फक्त इतक्या बारीक अक्षरांत की पुढच्या बाजूची चंद्रकोर त्याहून मोठी दिसावी.

हिशेब केला. 50 ग्रॅमच्या पाकिटाचे 14 टक्के म्हणजे 7 ग्रॅम वाळलेली पात. ओल्या पातीत तीन-चतुर्थांश पाणी धरा, तर ही झाली 28 ग्रॅम ओली पात. मंडईतल्या दहा रुपयांच्या जुडीत याहून जास्त येते, आणि बाई वर कढीपत्ता टाकते.

मेलमध्ये मी तीन प्रश्न विचारले होते. दोरी एवढी आखूड का, चंद्रकोर कशासाठी, आणि ती चकचकीत जाळीची पिशवी कशाची बनवलेली आहे. तिसरा प्रश्न पुतणीचा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने 2019 मध्ये प्लॅस्टिकच्या टी-बॅगा 95 अंशांच्या पाण्यात बुडवून पाहिल्या होत्या, तेव्हा एका बॅगेतून सुमारे 11.6 अब्ज सूक्ष्म प्लॅस्टिकचे कण निघाले. ते पोटात जाऊन नेमकं काय करतात हा पुढचा भाग, पण मला पैसे देऊन प्यायचे नाहीत. उत्तर आलं ते फक्त दोरीबद्दल: बॅग 'हळुवार' बुडवावी. शिवाय पाकीट बदलून देऊ, मात्र मूळ पाकीट न फोडलेलं हवं. न फोडलेल्या पाकिटाची दोरी मी कशी मोजणार?

एक गंमत सांगतो. डिसेंबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बजावलं की कॅमेलिया सायनेन्सिस या आपल्या नेहमीच्या चहाच्या झाडापासून न केलेल्या पेयाच्या पाकिटावर 'चहा' लिहायचं नाही. म्हणजे आपल्या आजीचा गवती चहा पाकिटात भरला तर तो चहा नव्हे. आणि माझं पाकीट या नियमात चोख बसतं, कारण तो खरोखरच चहा होता.

ऑगस्टमध्ये पाकीट बंद, सप्टेंबरपासून कुंडी सुरू. त्यातही एकदा फसलो. रोपवाटिकेतून 80 रुपयांना आणलेलं रोप जोमात वाढलं, पण उकळल्यावर घरभर डास पळवायच्या मलमाचा वास. ते सिट्रोनेला निघालं, याच कुळातलं गवत. त्याचा बुंधा तांबूस-जांभळट असतो, आपल्या पातीचा फिकट हिरवा-पांढुरका. पान चुरडून लिंबाचा वास आला तरच आणा, साबणासारखा आला तर खिडकीतच ठेवा, कपात नको. शेवटी समोरच्या काकूंनी त्यांच्या झाडाचा ठोंब काढून दिला, फुकट. उन्हात ठेवला, पाणी साचू दिलं नाही, तीन महिन्यांत कापणीला आला. कापताना चार बोटं बुंधा सोडायचा आणि पात हाताने ओढायची नाही. कडा ब्लेडसारख्या असतात, माझ्या करंगळीवर अजून दोन रेघा आहेत. याच कारणाने चहा गाळून प्यायचा, बारीक कापलेले तुकडे घशात टोचतात.

करायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी एक सांगतो: झाकण ठेवा. लिंबाचा वास येतो तो सिट्रालचा, आणि सिट्राल वाफेबरोबर उडून जातं. मी दोन-तीन पाती धुऊन, दुमडून, गाठ मारून दीड कप पाण्यात टाकतो, दोन मिनिटं उकळी, मग गॅस बंद करून पाच मिनिटं झाकण. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत भांड्यात झटकायचे, खरा वास त्यांतच असतो. दुधाचा करायचा असेल तरी भीती नाही. वास लिंबाचा असला तरी आंबटपणा नाही, त्यामुळे दूध फाटत नाही. फाटलंच तर ते आल्यामुळे, आलं आधी नीट उकळू द्या.

फायदा झाला का? जेवणानंतर पोट हलकं वाटतं, घसा धरला की बरं वाटतं, एवढं मी खात्रीने सांगतो. वजन दोन किलो उतरलं, पण त्याचं श्रेय पातीला देणार नाही. दिवसाचे दोन दुधाचे चहा सुटले, त्यांतली चार चमचे साखर सुटली, वजन त्यामुळे उतरलं. झोपेचं म्हणाल तर पुतणीने 1986 चा ब्राझीलमधला अभ्यास शोधून दिला. तिथेही लोक झोपेसाठी हा काढा पितात. 50 जणांना कुणाला खरा, कुणाला खोटा काढा दिला, झोपेत फरक पडला नाही. माझी झोप पाकीट बंद केल्यावर सुधारली, म्हणजे परत अडीचवर आली. साखर, कोलेस्टेरॉल, कॅन्सर वगैरे फॉरवर्ड येतात, त्यांतलं बरंचसं उंदरांवर नाहीतर प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशींवर, तेही अर्क नाहीतर तेल वापरून. तेलावरून आठवलं, काहीजण बाटलीतल्या लेमनग्रास तेलाचे थेंब चहात टाकतात. तसं करू नका, आणि ती बाटली नातवंडांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

इथपर्यंत हे लिखाण कौतुकाचंच झालं असतं, पण जानेवारीत वहिनींचा फोन आला. दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, मिरजेत राहतो, बीपीच्या गोळ्या, त्यांत एक लघवी जास्त होण्याची. ऑक्टोबरपासून मीच त्याला सांगत होतो, दूध सोड, पात पी. दादा म्हणजे कुठलीही गोष्ट दुप्पट करणारा माणूस. मूठभर पात, अर्धा तास आटवलेला काढा, दिवसात पाच पेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रात्रीत चारदा उठतात, पाय लटपटतात. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन 2.1 आलंय, आधी 1.9 होतं." मूत्रपिंड नीट गाळेनासं झालं की रक्तात हा आकडा वाढतो. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून दोष काढ्याला देता येणार नाही, पण मूत्रपिंड आधीच कमजोर, त्यात लघवीची गोळी, वर हा लघवी वाढवणारा काढा कशाला? बंद करा.

पुतणीने दुसरा अभ्यास पाठवला, नायजेरियातला, 2015 चा. 105 धडधाकट माणसांना 30 दिवस रोज 2, 4 किंवा 8 ग्रॅम पातीच्या पावडरीचा काढा दिला. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता घटलेली दिसली, जितका डोस मोठा आणि दिवस जास्त तितकी अधिक. हे धडधाकट लोक. आणि मी मंडईतून जुड्या बांधून मिरजेला पाठवत होतो, बसच्या तिकिटासकट. दादा काही बोलला नाही. "आता साधा चहा पाठव," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून मी दिवसाला एकच कप घेतो, दोन पातींचा, संध्याकाळी सहाच्या आत, आणि मधे आठवडा-पंधरवडा सुट्टी. समोरच्या काकूंची लेक बाळंतपणाला आली आहे. तिला मळमळ होते म्हणून काकू पात कापायला आल्या, ठोंब त्यांचाच, नाही कसं म्हणणार? तरी म्हटलं, दुधाच्या चहात चवीला एखादी पात वेगळी आणि काढा वेगळा, गरोदरपणात काढा नको, आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. काकू जरा रागावल्या. दुसऱ्या दिवशी विचारून आल्या, डॉक्टरांनीही काढा नको म्हटलं.

रेटिंग द्यायचं तर पाकिटाला एक तारा, तोही खोक्यासाठी, त्यात माझ्या गोळ्यांच्या स्ट्रिप नीट बसतात. उरलेल्या सहा बॅगा फेकवल्या नाहीत, एकेक दहा रुपयांची आहे. चपलांच्या कपाटात खिळ्यांना टांगल्या. वास बरा येतो. ऑगस्टपासून लटकताहेत, एकीचीही दोरी सुटलेली नाही.