आल्ट्रेनोजेस्ट: माजावरच्या घोडीसाठी रोजचे औषध, आणि ते देणाऱ्याच्या हातांचा प्रश्न

घोडीचा माज ठरावीक काळापुरता थांबवण्यासाठी पशुवैद्यक आज प्रामुख्याने जे औषध सुचवतात, त्याचे नाव आल्ट्रेनोजेस्ट. ‘रेग्युमेट’ या व्यापारी नावामुळे ते अनेकांना ऐकून माहीत असते. दर मिलिलिटरमध्ये २.२ मिलिग्रॅम औषध असलेले हे तेलकट द्रावण दिवसातून एकदा तोंडावाटे द्यायचे असते. पुण्याजवळच्या आमच्या पागेत रपेटीसाठी आणि नवशिक्यांना शिकवण्यासाठी असलेल्या एका मारवाडी घोडीला आमच्या पशुवैद्यांनी हे औषध एका हंगामासाठी लिहून दिले, आणि त्यांनीच ते मागवूनही दिले. औषध आपले काम चोख करते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ते काम लोक समजतात त्यापेक्षा बरेच मर्यादित आहे, आणि औषधाचा खरा भार घोडीपेक्षा ते पाजणाऱ्या माणसावर पडतो.

घोडीच्या माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते आणि त्यांपैकी ५ ते ७ दिवस ती प्रत्यक्ष माजावर असते. शेपूट वर धरणे, मागचे पाय फाकवून थोडे बसल्यासारखे करणे, थोडे थोडे मुतणे, योनीचे ओठ वारंवार उघडमीट करणे, शेजारच्या ठाणावरच्या घोड्याकडे पाहून चित्कारणे, ही त्याची ओळखीची लक्षणे होत. काही घोड्या या दिवसांत नुसत्या मंद आणि गैरलक्ष होतात; काही मात्र खोगीर चढवताना कान पाडतात, टाचेच्या इशाऱ्याला लाथ झाडून उत्तर देतात आणि दुडकी सोडून वेगळेच काहीतरी करू लागतात. घोडीचा माज दिवसाच्या लांबीशी बांधलेला असल्यामुळे युरोपातल्या थंड मुलुखात बहुतेक घोड्या हिवाळ्यात माजावर येणे थांबवतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला दिवस यांत फारसा फरक नसल्याने इथल्या अनेक घोड्या वर्षभर चक्रात राहू शकतात. त्यामुळे परदेशी माहितीपत्रकातला ‘हंगाम’ आपल्याकडे जसाच्या तसा लावता येत नाही; आपल्या घोडीचा हंगाम तिच्याच नोंदींवरून ठरवावा लागतो.

बीजकोशातून बीज सुटल्यावर तिथे तयार होणारा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन स्रवतो, आणि ते संप्रेरक रक्तात असेपर्यंत घोडी माज दाखवत नाही. आल्ट्रेनोजेस्ट हे त्याच जातीचे कृत्रिम संप्रेरक आहे. ते रोज पोटात गेले की मेंदूला घोडी माजाबाहेरच आहे असे वाटते. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार ९५ टक्के घोड्यांमध्ये ३ दिवसांच्या आत माज दबतो. आमच्या घोडीत ते याच वेगाने दिसले: शेपूट उचलणे, चित्कारणे आणि शेजाऱ्याकडे ओढ घेणे हे सारे औषध सुरू केल्यावर लवकरच थांबले, औषध चालू असेतो पुन्हा दिसले नाही, आणि शिकाऊ मुलांना तिच्यावर बसवताना वाटणारी धास्ती गेली. ती सुस्त झाली नाही, चंदी नेहमीसारखी खात राहिली आणि रपेटीतला तिचा उत्साह कायम राहिला. ज्यांना हे गुंगीचे औषध वाटते, त्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येण्याची तिची सवय मात्र औषधाने तसूभरही बदलली नाही, आणि या परीक्षणातला सर्वांत उपयोगी भाग माझ्या मते हाच आहे. घोडी आहे म्हणून तिच्या प्रत्येक नखऱ्याला माजाचे नाव देण्याची आपल्या पागांमधली रीत फार जुनी आहे. प्रत्यक्षात पाठीचे दुखणे, न बसणारे खोगीर, जठरातील व्रण, मागच्या पायाचा सूक्ष्म लंगडेपणा, मूत्रमार्गाचा किंवा योनीमार्गाचा दाह, यांपैकी कोणत्याही कारणाने घोडी कान पाडते, शेपूट आपटते आणि लाथ मारते. काही घोड्या घाबरल्या किंवा दबून गेल्या तरी थोडे थोडे मुततात, आणि पाहणाऱ्याला तो माज वाटतो. बीजकोशातील ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ झाली तर घोडी वळू घोड्यासारखी आक्रमक होऊ शकते किंवा सतत माजावर असल्यासारखी वागू शकते. तिथे गरज असते ती सोनोग्राफीची आणि रक्तातील संप्रेरकांच्या तपासणीची, औषधाच्या बाटलीची नव्हे. बीज सुटण्याच्या सुमारास काही घोड्यांच्या पोटात दुखते, पण आल्ट्रेनोजेस्ट घेत असतानाही काही घोड्यांमध्ये बीज सुटू शकते. त्यामुळे त्या दुखण्यावर ते हमखास उपाय ठरेल असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून औषध विकत घेण्याआधी घोडीच्या वागण्याची रोजनिशी ठेवावी. तिच्या वाईट दिवसांचा गट साधारण तीन-तीन आठवड्यांनी परत येतो का, हे दोन-तीन चक्रांमध्ये स्पष्ट दिसते, आणि त्याच दिवसांत पशुवैद्याने सोनोग्राफीत मोठे बीजपुटक (बीज वाढते ती पिशवी) पाहिले तर दोन्ही गोष्टींची सांगड बसते. वागणे महिनाभर सारखेच वाईट असेल, तर हे औषध तिच्यासाठी नाही. आमच्या घोडीच्या बाबतीत नोंदींनी चित्कारण्याला माजात बसवले आणि तंगाच्या चिडीला माजाबाहेर काढले. त्या चिडीचे उत्तर पुढे खोगिराच्या मापात सापडले.

मात्रा सोपी आहे. वजनाच्या दर किलोला ०.०४४ मिलिग्रॅम, म्हणजे दर ५० किलोला १ मिलिलिटर. अडचण येते ती वजनाची, कारण आपल्या बहुतेक पागांत घोडा तोलण्याचा काटा नसतो आणि नुसत्या नजरेचा अंदाज अनेकदा चुकतो. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. घेर १६५ आणि लांबी १५० सेंटिमीटर असेल तर वजन सुमारे ३४४ किलो आणि मात्रा सुमारे ७ मिलिलिटर होते. परदेशी मोठ्या घोड्यांसाठी सांगितलेली १० मिलिलिटरची मात्रा मारवाडी किंवा काठियावाडी घोडीला डोळे झाकून देऊ नये. द्रावण जिभेच्या मागच्या बाजूला पिचकारीने सोडता येते किंवा चंदीवर घालता येते. चंदीवर घालायचे असल्यास ती घोडी एकटी असताना द्यावी आणि भांडे रिकामे होईपर्यंत तिथून हलू नये, कारण उरलेली चंदी शेजारच्या घोड्यापुढे सरकवण्याची सवय प्रत्येक पागेत असते.

आता हातांचा प्रश्न. आल्ट्रेनोजेस्ट जखम नसलेल्या कातडीतूनही शरीरात जाते, आणि ते तेलकट असल्याने हाताला लागले तरी लगेच ध्यानात येत नाही. स्त्रियांमध्ये त्याने पाळी विस्कळीत होऊ शकते, पोटात कळा येऊ शकतात. गर्भवती स्त्रीने, किंवा दिवस गेल्याची शंका असलेल्या स्त्रीने, त्याला हात लावूच नये. पुरुषांना काही होत नाही हा समज चुकीचा आहे, कारण त्यांची कामेच्छा कमी होऊ शकते. ज्यांना रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास, हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग किंवा संप्रेरकांवर वाढणारी गाठ आहे अथवा होती, त्यांनाही माहितीपत्रक या कामापासून दूर राहायला सांगते. साधे लेटेक्सचे पातळ हातमोजे या तेलापासून रक्षण करत नाहीत. व्हिनाइल, निओप्रीन किंवा नायट्राइलचे लागतात. त्यातही हातमोज्याच्या आत थेंब गेला तर झाकलेल्या कातडीत औषध अधिकच मुरते, म्हणून असा हातमोजा ताबडतोब काढून टाकावा आणि हात साबण-पाण्याने स्वच्छ धुवावेत.

ही सूचना ज्या देशांत लिहिली गेली, तिथे घोडीची मालकीणच पुष्कळदा स्वतः औषध पाजते आणि बाटलीवरचा मजकूर वाचू शकते. आपल्याकडे औषध पाजतो मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर. त्याचे कुटुंब पागेच्या आवारातच राहते, चंदीची घमेली अनेकदा त्याची बायको किंवा मुलगी घासते आणि पिचकारी धुण्याचा नळ घरच्या भांड्यांचाही असतो. माहितीपत्रक इंग्रजीत, आणि तेही बारीक अक्षरांत. अशा वेळी ‘सूचना बाटलीवर छापली आहे’ एवढ्यावर मालकाची जबाबदारी संपते, असे मला मुळीच वाटत नाही. आम्ही औषध कुलपात ठेवले, ते पाजण्याचे काम एकाच माणसाकडे दिले, त्याला धोका मराठीत नीट समजावून सांगितला, आणि पिचकारी व चंदीचे भांडे वेगळे ठेवून ते इतर कोणी धुणार नाही अशी व्यवस्था केली. घोडीच्या लीद-मुतातून औषध बाहेर पडते, याचीही त्याला कल्पना दिली. ज्या पागेत एवढी शिस्त पाळता येणार नाही, तिथे हे औषध आणू नये, मग घोडी कितीही त्रासदायक असो.

वेळेचे गणितही आधी मांडावे लागते. परिणाम दिसायला तीन दिवस लागू शकतात, त्यामुळे स्पर्धेच्या सकाळी पहिली मात्रा देण्यात अर्थ नाही. उलट औषध थांबवले की साधारण ४ ते ५ दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी घोडी नेणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथे वळू घोडे चार हातांवर बांधलेले असतात. यात्रेच्या आठवडाभर आधी पैसे वाचवायला औषध बंद केले तर घोडी ऐन गर्दीत माजावर यायची. स्पर्धांपुरते सांगायचे तर आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ घोडीला आल्ट्रेनोजेस्ट देण्यास मुभा देतो, नर घोड्याला देत नाही. शर्यतींचे नियम वेगळे असतात आणि ते त्या त्या संस्थेकडून आधी विचारून घ्यावेत. गर्भाशयाचा दाह असलेल्या किंवा पूर्वी होऊन गेलेल्या घोडीला ते देऊ नये, त्यासाठी आधीची तपासणी टाळता येत नाही.

इतर पर्यायांची तुलना थोडक्यात करतो. तेलातील प्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन काम करते, परंतु ते रोज टोचावे लागते आणि टोचलेली जागा सुजते. माणसांसाठीचे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक कुणी स्वस्त म्हणून सुचवले तर ऐकू नये; घोडीचा माज त्याने थांबत नाही, आणि अमेरिकेच्या अश्वक्रीडा संघटनेने २०१९ च्या डिसेंबरपासून आपल्या स्पर्धांत त्यावर बंदी घातली आहे. गर्भाशयात काचेची गोटी ठेवण्याचा उपाय काही काळ फार गाजला, पण तो निम्म्याहूनही कमी घोड्यांत लागू पडतो आणि आत गोटी फुटल्याच्या नोंदी आहेत. बीज सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत ऑक्सिटोसिन या संप्रेरकाची इंजेक्शने देऊन पीतपिंड टिकवण्याची पद्धत मला सर्वांत आशादायक वाटते. तीत माणसाच्या कातडीला रोजचा धोका नसतो, मात्र बीज सुटल्याचा दिवस सोनोग्राफीने पकडणारा पशुवैद्य जवळपास असावा लागतो. वनस्पतींच्या चूर्णांबद्दल विक्रेते बरेच काही सांगतात; त्यांचा भरवशाचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही, आणि निर्गुडीची परदेशी बहीण या चूर्णांत असते म्हणून कुणी बांधावरची निर्गुडी घोडीला खाऊ घालू नये.

खर्च जाणवण्याजोगा आहे, कारण ७ मिलिलिटरच्या हिशेबाने लिटरभर औषध १४० दिवसांच्या आसपास पुरते आणि औषध मधेच सोडून चालत नाही. ज्याची घोडी नोंदींवरून खरोखर माजामुळेच बिघडते, जिला पुढच्या काही महिन्यांत गाभण करवायचे नाही आणि जिच्यामुळे शिकाऊ स्वाराला किंवा मोतद्दाराला इजा होण्याचा धोका आहे, त्याने हे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने जरूर वापरावे. ज्याची घोडी माजाच्या दिवसांत फक्त थोडी चित्कारते आणि शेपूट हलवते, त्याने त्या आठवड्यात तिला नर घोड्यांपासून दूरच्या ठाणावर बांधावे, रपेट हलकी ठेवावी आणि औषधाचे पैसे खोगीर दुरुस्त करणाऱ्याला द्यावेत. आमच्या घोडीला पुढल्या हंगामात आम्ही आल्ट्रेनोजेस्ट फक्त शिबिराच्या आठवड्यांपुरते देणार आहोत, आणि ते पाजण्याचे काम त्याच मोतद्दाराकडे राहील.