घोडी घेताना: नालबंदाची नजर की जनुकीय चाचणी?

अकलूजच्या घोडेबाजाराच्या तोंडावर सोलापूरच्या मित्राचा फोन आला. कॉनेमारा रक्ताची घोडी मिळतेय, नालबंदाला दाखवू की चाचणी करू?

या आयरिश जातीत खुराची भिंत सुटण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. खुराची कड चिरते, साल निघाल्यासारखी सुटते, नालेचा खिळा धरत नाही. मग जनावर तळव्यावर भार टाकतं आणि दुखण्याने हैराण होतं. यावर औषध नाही, आयुष्यभर खुरांची निगा राखणं तेवढं हातात उरतं.

नालबंद स्वस्त पडतो, निकालही जागेवर. पाय मांडीवर घेऊन कानस फिरवली की कड कशी सुटते ते त्याला लगेच दिसतं. आजार बहुधा शिंगराच्या पहिल्या काही महिन्यांतच उघड होतो, म्हणून मोठ्या जनावरात ही नजर पुरते. पण वाहक घोडीचे, म्हणजे दोष पिल्लाला देऊ शकणाऱ्या पण स्वतः आजारी नसलेल्या घोडीचे, खूर ठणठणीत असतात, तिथे ही नजर हरते.

चाचणीला आयाळीचे मुळांसकट उपटलेले केस लागतात. 2015 साली सर्पिनबी11 या जनुकातला दोष सापडला, तोच तपासतात. परदेशी प्रयोगशाळा, म्हणजे खर्च आणि वाट पाहणं आलंच, पण एकदाच. नर-मादी दोघं वाहक असतील तर प्रत्येक शिंगराला 25 टक्के धोका!

नुसत्या रपेटीसाठी मोठी घोडी हवी असेल तर नालबंद पुरे. पैदास करायची असेल तर चाचणीच करा. वाहक निघाली तरी निर्दोष घोड्याशी जुळवता येते. काठियावाडी, मारवाडी घोड्यांच्या खुरांच्या चिरांना मात्र ही चाचणी लावू नका, ती कॉनेमारातल्या या दोषापुरतीच आहे.