काचेआडचा एलईडी पडदा: कोकणातल्या दुकानाला कुठला चालतो

पारदर्शक एलईडी पडदा म्हणजे दुकानाच्या काचेआड चित्र दाखवणारा आणि तरीही मागचा माल दिसू देणारा पडदा. तो विकणारा पहिला आकडा सांगतो तो पारदर्शकतेचा. सत्तर टक्के, पंच्याऐंशी टक्के, कुणी तर नव्वदच्या पुढे. आकडा खोटा नसतो, पण तो पडद्यासमोर नाकासमोर उभं राहून मोजलेला असतो. रत्नागिरीच्या राम आळीत किंवा मालवणच्या बाजारपेठेत गिऱ्हाईक रस्त्याच्या कडेने चालत येतं आणि तुमची काच त्याला आधी तिरकीच दिसते. तिथे सत्तर टक्क्यांचं काय उरतं, ते दरपत्रकात कुणी लिहीत नाही.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला कॅबिनेटचा: अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत पातळ पट्ट्या आडव्या बसवलेल्या, पट्ट्यांवर एलईडीचे दाणे, दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा. एक कॅबिनेट साधारण १००० बाय ५०० मिमीचं असतं. दुसरा प्रकार फिल्मचा: लवचिक पारदर्शक पत्र्यावर दाणे, मागे चिकट थर, काचेच्या आतल्या बाजूला थेट चिकटवायचा. तिसरा पारदर्शक ओएलईडी किंवा एलसीडी. चित्र फार सुरेख, पण उजेड कमी. दुपारी उन्हाच्या काचेआड तो फिका पडतो, म्हणून रस्त्यावरच्या दुकानाने त्याच्या वाटेला जाऊ नये. मॉलच्या आतल्या गाळ्यात ठीक.

खरी निवड पहिल्या दोघांत आहे. कॅबिनेटच्या पट्ट्यांना खोली असते. समोरून त्या बारीक रेघांसारख्या दिसतात, पण वरून किंवा खालून बघितलं की एकमेकींआड येऊन काच बुजवतात, लूव्हरच्या खिडकीसारख्या. पट्ट्या उभ्या असतील तर हेच बाजूने चालत येणाऱ्याच्या बाबतीत होतं. त्यामुळे घेण्याआधी पट्ट्या कुठल्या दिशेला आहेत ते विचारा आणि नमुन्याचं कॅबिनेट चालू करून ४५ अंशांवरून बघा. फिल्मला खोली जवळपास नसतेच, म्हणून ती तिरकीही मोकळी दिसते. सावंतवाडीच्या चितार आळीतल्यासारखी लाकडी खेळणी काचेत मांडलेली असतील, म्हणजे माल हीच जाहिरात असेल, तर फिल्म उजवी. सराफाच्या किंवा साडीच्या दुकानात, जिथे हलतं चित्र ठसठशीत दिसायला हवं, तिथे कॅबिनेट.

आता पिच, म्हणजे दोन दाण्यांमधलं अंतर. ठोकताळा असा की पिच जितके मिमी, तितक्या मीटरच्या अलीकडून चित्र दाणेदार दिसतं. मात्र पी३.९१ म्हणून विकला जाणारा पारदर्शक पडदा बहुतेक वेळा ३.९१ बाय ७.८२ असतो. आडवं अंतर ३.९१, उभं त्याच्या दुप्पट. एका चौरस मीटरमध्ये आडवे २५६ आणि उभे १२८ दाणे, एकूण ३२,७६८. इंग्रजी अक्षरांना हे एक वेळ चालून जातं. देवनागरीला चालत नाही, कारण आपल्या अक्षराचं सगळं ओझं उभ्या दिशेत आहे: वर शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. 'खरेदीवर सूट' सुटसुटीत वाचायला एका ओळीला किमान २४ उभे दाणे लागतात, ३२ असले तर बरं. ७.८२ च्या पडद्यावर २४ दाणे म्हणजे जवळपास १९ सेंमी उंचीची ओळ. आठ मिमी पिचच्या फिल्मवरही ती तेवढीच येते! नुसती मराठी अक्षरं चालवायची असतील, तर त्यासाठी कॅबिनेटचे जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. कॅबिनेटचा फायदा फोटोत आणि व्हिडिओत दिसतो.

या दुप्पट अंतराचा आणखी एक फटका. दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच पडदा म्हणजे सहा कॅबिनेटं आणि ५१२ बाय १९२ दाणे. डिझायनरने कॉम्प्युटरवर ५१२ बाय १९२ चं पान उघडून त्यात गोल काढला, तर पडद्यावर तो उभा अंडाकृती दिसणार, कारण प्रत्येक दाण्याचं घर रुंदीपेक्षा दुप्पट उंच आहे. चित्र ४:३ प्रमाणात तयार करायचं आणि शेवटी दाबून ५१२ बाय १९२ मध्ये निर्यात करायचं, म्हणजे पडद्यावर ते सरळ होतं. मजकूर कंट्रोलरच्या, म्हणजे पडद्याला चित्र पुरवणाऱ्या पेटीच्या, सॉफ्टवेअरमध्ये थेट टाइप करू नका. कित्येकांत जोडाक्षरं फुटतात, वेलांटी पुढच्या अक्षराला जाऊन बसते. अक्षरं चित्र म्हणून किंवा व्हिडिओत द्यावीत.

आणि पार्श्वभूमी काळी ठेवा. काळा म्हणजे दाणा बंद, दाणा बंद म्हणजे काच मोकळी. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं टाकली की पारदर्शकतेसाठी दिलेले पैसे गेले, वर वीज तिप्पट.

उजेडाचं गणित काचेवर ठरतं. साध्या पारदर्शक काचेत दहाएक टक्के उजेड वाया जातो. रंगीत किंवा आरशासारखी काच असेल, किंवा उन्हासाठी फिल्म लावलेली असेल, तर निम्माही बाहेर पोचत नाही. अशी काच आधी बदला, नाहीतर पडदा घेऊच नका. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानाला दुपारनंतर ४००० ते ५००० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) लागतात, आणि त्याच पडद्याला रात्री १० ते २० टक्के पुरतात. म्हणून उजेड बघून आपोआप कमी-जास्त करणारा सेन्सर दरपत्रकात आहे ना, ते पाहा. तो वाचवायचा खर्च नव्हे. पावसाळ्याच्या तिन्हीसांजेला पूर्ण उजेडावर ठेवलेल्या पडद्याकडे किडे-पाखरं झुंडीने येतात आणि सकाळी काच व पडदा यांच्या फटीत त्यांचा थर साचतो. त्यांच्या मागोमाग पाली. पाल पॉवर सप्लायच्या जाळीतून आत गेली की एक कॅबिनेट काळं.

कॅबिनेट काचेपासून ५ ते १० सेंमी आत टांगतात. त्याहून लांब गेलात तर काचेच्या दोन पृष्ठभागांवरून प्रतिबिंब उठून अक्षरांना सावली येते. त्याहून जवळ आणलंत तर काच आतून पुसायला हात जात नाही. शोकेस मागून प्लायने बंद असेल, तर वर आणि खाली हवेला चार-चार इंचांच्या फटी हव्यात, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात ती पेटी तापते. फिल्म चिकटवायची तर टफन काचेवरच. साध्या काचेचा एक भाग उन्हाने आणि फिल्मने तापतो, कडा थंड राहते, आणि कडेपासून तडा जातो. उघड-बंद होणाऱ्या दाराच्या काचेला फिल्म लावू नये, वायर तुटते.

किनाऱ्यावरचा खरा शत्रू खारा दमट वारा. मिठाचा पातळ थर दाण्यांच्या पायांवर बसतो, जूनच्या ओलीत तो पाणी धरतो आणि दोन पायांमधून वीज झिरपू लागते. सुरुवातीला एखादा दाणा फिका, मग रंग बदललेला, मग मेलेला. दाणे बसवलेल्या सर्किटच्या पाटीवर तांब्याचा हिरवा कीट दिसला की ती पट्टी गेली समजा. विकत घेताना पाट्यांवर संरक्षक लेप आहे का ते लेखी विचारा. ब्रॅकेट आणि स्क्रू एसएस ३१६ चे, म्हणजे खाऱ्या हवेत टिकणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे, घ्या. रंगवलेलं लोखंड दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ काचेवर सोडतं. पुसायला मऊ कोरडा ब्रश, फार तर आयसोप्रोपिल अल्कोहोल. काच पुसायचा निळा फवारा पडद्यावर मारू नये.

पावसाळ्यात पडदा बंद ठेवणं हा वाचवण्याचा नाही, मारण्याचा मार्ग आहे. बंद दाणे ओल शोषतात. गणपतीत आठवडाभर दुकान बंद, आणि उघडल्या दिवशी एकदम पूर्ण पांढरा उजेड दिला, तर आतली ओल वाफ होऊन दाण्याचं आवरण फोडते. रोज किमान दोन तास चालू राहील असा टायमर लावा. सुट्टीनंतर आधी १० टक्क्यांवर तासभर, मग ३०, मग हवा तेवढा.

वीज. कॅबिनेटचा जास्तीत जास्त भार चौरस मीटरला ८०० वॅट धरला, तर वरच्या तीन चौरस मीटरच्या पडद्याला २४०० वॅट, म्हणजे साडेदहा अँपिअर. सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. दिवसाला दहा तास चालला तर ८ युनिट, महिन्याला २४०, तेही व्यापारी दराने. त्याला स्वतंत्र वायर आणि १६ अँपिअरचा सी-प्रकारचा एमसीबी द्या. चालू होताना पॉवर सप्लाय क्षणभर जोराचा करंट ओढतात, बी-प्रकार विनाकारण पडतो. प्रत्येक सप्लाय एक-दोन मिलिअँपिअर अर्थिंगला सोडतोच. दहा-बारा सप्लाय एकाच ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज अर्थिंगला गळली की पडणारा सुरक्षेचा स्विच) असले तर तो अधूनमधून पडणारच. भार दोन आरसीसीबींवर वाटावा, आरसीसीबी काढून टाकू नये. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंग सहज लागत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. केमिकल अर्थिंग करून ५ ओहमच्या आत आलंय का, ते मीटरवर मोजून घ्या. सर्ज प्रोटेक्टर हवाच. वीज गेल्यावर परत येते ती झटका देत येते, म्हणून पडद्याआधी अर्ध्या-एक मिनिटाचा डिले टायमर. प्लेअरला छोटा यूपीएस. अख्खा पडदा दुकानाच्या इन्व्हर्टरवर टाकायचा विचार सोडा.

पॉवर सप्लाय आणि कंट्रोलरची पेटी कुठे ठेवता हेही बघा. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चा पूर सांगायला नको. पेटी पोटमाळ्याच्या उंचीला, पण ५ व्होल्टच्या वायरी लांबवून नव्हे. ५ व्होल्टवर २०० वॅट म्हणजे ४० अँपिअर. वायर लांब झाली की दाब पडतो आणि पांढरं चित्र गुलाबी पडतं. सप्लाय कॅबिनेटच्याच वरच्या कडेला, २३० व्होल्टची जोडणी वरून.

कणकवलीत महामार्गाच्या सर्व्हिस रोडवरचं शोरूम असेल, काच मोठी आणि बघणारा गाडीत, तर १० मिमीची फिल्म पुरते. मजकूर तीन-चार शब्दांचा ठेवा. दहा-पंधरा फुटांच्या बाजारपेठेत तीच फिल्म नुसते ठिपके दाखवते. तिथे ३.९१ चं कॅबिनेट, आणि रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने उमटतं तो आकडा, ३८४० हर्ट्झ. १९२० वर मोबाइलने रील काढली की चित्रात काळे पट्टे फिरतात, आणि रील तर हल्ली काढतातच.

दरपत्रक वाचताना दर चौरस फुटाचा की मीटरचा, हे आधी. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. कंट्रोलर, सांगाडा, वायरिंग धरलंय का, ते नंतर. त्याच बॅचच्या पट्ट्या ३ ते ५ टक्के जादा, एक पॉवर सप्लाय आणि एक रिसीव्हिंग कार्ड (कॅबिनेटला त्याच्या वाट्याचं चित्र देणारी सर्किटची पाटी) दुकानातच ठेवा; नंतर मागवलेल्या पट्टीचा रंग जुळत नाही. बिघाड ओळखणं अवघड नाही. एकच कॅबिनेट काळं, तर त्याचा सप्लाय. एका कॅबिनेटपासून पुढची सगळी काळी, तर मधली लॅनची वायर. तिचं टोक काढून अल्कोहोलने पुसून परत लावा, निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. एका पट्टीत एकच रंग नाही, तर पट्टी बदला. सगळी कॅबिनेटं चालू पण चित्राचे तुकडे भलतीकडे, तर रिसीव्हिंग कार्डाची मांडणी पुसली गेलेली असते. ती परत चढवायला कॉन्फिगरेशन फाइल लागते, आणि ती बसवणाऱ्याच्या लॅपटॉपवरच राहते. शेवटचा हप्ता देण्याआधी ती पेनड्राइव्हवर घ्या, आणि वॉरंटीच्या कागदात 'खारी हवा' किंवा 'समुद्रकिनारा' वगळलेला नाही ना, तेही तेव्हाच वाचा.