डीएओच्या नावाखाली आमचे पैसे गेले, टोकन घ्यायच्या आधी हे वाचा

जुने दिवाळी अंक नि मासिकं स्कॅन करून आयपीएफएसवर ठेवायची, म्हणजे एका सर्व्हरवर नाही तर आपल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर, एकाचं मशीन बंद पडलं तरी दुसऱ्याकडून फाईल मिळेल, असं ठरवून एक ग्रुप टेलिग्रामवर सुरू झाला होता. यालाच डीएओ म्हणतात, मालक कोणी नाही, टोकन (ग्रुपचं डिजिटल नाणं) विकत घ्या आणि मत द्या. मला हे मनापासून पटलं. मी 40 हजार घातले, आणि माझ्या शब्दावर आमच्या काकांनी, शाळेतून रिटायर झालेत ते, 10 हजार.

सहा महिने रोज रात्री जेवण झालं की स्कॅनिंग करायचो. मग अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री 'सर्व्हर खर्च' असं प्रपोजल आलं, मतदान फक्त 24 तास. आम्ही निम्मे लोक मिरवणुकीत, फोन कोण बघतोय. सर्व्हरच नाही तर खर्च कसला, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. वर लिहिलेलं वेगळं, आतल्या कोडमध्ये सगळा फंड एका वॉलेटला, म्हणजे क्रिप्टोच्या खात्याला, पाठवा एवढंच, आणि पास झाल्या झाल्या खजिना रिकामा, मध्ये थांबवायला टाइमलॉक, म्हणजे मतदानानंतर काही वेळ पैसे अडवून ठेवणारी अट, तोच ठेवला नव्हता.

मग मी इथरस्कॅनवर, म्हणजे इथेरियम ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, कोणाकडे किती टोकन आहेत ती होल्डर्सची यादी उघडली, जी पहिल्या दिवशी उघडायला हवी होती, फुकट दिसते ती. तीन वॉलेटकडे मिळून 60 टक्क्यांच्या वर टोकन, आणि तिन्हींमध्ये पहिलं इथर (इथेरियमचं नाणं) एकाच वॉलेटमधून आलेलं. म्हणजे माणूस एकच, बाकी आम्ही सव्वाशे जण नुसते हात वर करत होतो. गावाकडच्या दूध संस्थेत शेअर कितीही असू देत, एका सभासदाला एकच मत असतं. इथे जेवढे टोकन तेवढी मतं, हा फरक मला पैसे गेल्यावर कळला.

आणि हे काही नवीन नाही. 17 एप्रिल 2022 ला बीनस्टॉक नावाच्या क्रिप्टो प्रकल्पात एकाने फ्लॅश लोन, म्हणजे त्याच व्यवहारात फेडायचं कर्ज, काढून दोन तृतीयांशच्या वर मतं मिळवली आणि स्वतःचंच प्रपोजल पास केलं, नुकसान जवळपास 18 कोटी डॉलर. 2016 मध्ये 'द डीएओ' याच नावाच्या एका फंडातून 36 लाख इथर गेले तेव्हा इथेरियमने फोर्क करून, म्हणजे ब्लॉकचेनची नोंदच बदलून, ते परत आणले, आमच्यासारख्या छोट्या ग्रुपसाठी असं कोणी करणार नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, ट्रान्झॅक्शनचे हॅश, म्हणजे व्यवहारांचे ओळख क्रमांक, जोडले. तुमचे गेले तर त्याच तासाला करा, मी दोन दिवस ॲडमिनच्या उत्तराची वाट बघण्यात घालवले. ग्रुपमध्ये असाल तर खजिन्याच्या मल्टिसिगवर, म्हणजे एकापेक्षा जास्त जणांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटवर, सह्या कोणाच्या आहेत ते विचारा, त्या माणसांशी प्रत्यक्ष बोला.

काकांचे पैसे मी हप्त्याने देतोय, ते नको म्हणतात तरी. अजून दोन हप्ते राहिलेत.